लंबा दाहिने, छोटा बायें!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना, पाऊस नुकता सुरू झालेला. रात्री साडेनऊच्या सुमाराला आमच्या वस्तीतल्या एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चार घरची धुणीभांडी उरकून, चूल आटोपून आलेल्या. पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "गुरुजी, जयभीम. झोपला नव्हता ना? आमची पोरगी म्हणते, मला एनसीसीत जायचंय. शाळेतनं कागद आणलाय सहीला. सही करू का नको?"

मी चाळीस वर्षे मास्तरकी केलेला माणूस. निवृत्त झालो तरी वस्तीतले कागद माझ्याकडे यायचे थांबलेले नाहीत. रेशनकार्डापासून जातपडताळणीपर्यंत सगळे वाचून दाखवतो. पण या कागदाने मलाही जरा थांबवले. बाईंच्या मनात एक नव्हे, चार-पाच शंका होत्या आणि प्रत्येक शंका खरी होती. परेडच्या दिवशी पोरगी घरी उशिरा येणार, मग धाकट्याला कोण सांभाळणार? गणवेशाला, बुटाला पैसे किती पडतील? दहा दिवस शिबिराला नेतात म्हणे, पोरीची जात, रात्री कुठे झोपवतात? सगळ्यांत शेवटी, आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारले, "उद्या लढाई लागली तर नेतील का हो तिला?"

नवऱ्याचे म्हणणे वेगळेच होते. ते नाक्यावर मालवाहू टेम्पो भरायला जातात. "बूट घासून पोट भरतं का?" एवढेच त्यांनी विचारले होते.

एका शब्दात 'करा सही' म्हणून मला मोकळे होता आले असते. पण सही म्हणजे काय हे आपल्या लोकांना दुसऱ्याने सांगायची पाळी पिढ्यान्‌पिढ्या आली आहे. म्हणून मी त्यांना बसवले, चहा ठेवला आणि मला जे ठाऊक होते ते सांगितले. तेच थोडे विस्ताराने इथे मांडतो, कारण हा कागद केवळ त्या एका घरात आलेला नाही.

आधी लढाईची शंका. राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजेच एनसीसी, ही सैन्य नव्हे. १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिच्या शिफारशीवरून १९४८ साली कायदा झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ही संघटना उभी राहिली. मुलींचा विभाग पुढच्याच वर्षी, १९४९ साली सुरू झाला. कॅडेट झाल्याने कोणावरही सैन्यात जाण्याचे बंधन येत नाही, हे त्या कायद्यातच आहे. चीनच्या युद्धानंतर १९६३ साली कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची केली होती, १९६८ साली ती सक्तीही उठली. आता ज्याला जायचे तो जातो, नको वाटले तर सोडतो.

पैशाची शंका त्याहून सोपी. गणवेशाचा खर्च सरकार उचलते. परेड संपली की नाश्ता मिळतो, केळी, समोसा, जे असेल ते. उपाशीपोटी शाळेत येणाऱ्या मुलांना त्या केळ्याची किंमत काय असते, हे मास्तर म्हणून मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यावर हसणाऱ्यांनी हसावे.

शाळेत साधारण आठवीपासून दोन वर्षे केली की 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. कॉलेजात दुसऱ्या वर्षी 'बी' आणि तिसऱ्या वर्षी 'सी'. हजेरी पंचाहत्तर टक्के लागते आणि शिबीर चुकवून चालत नाही. शाळेतलाच एक शिक्षक एनसीसीचा अधिकारी म्हणून नेमलेला असतो आणि कवायत शिकवायला पलटणीतले हवालदार येतात. कवायत, नकाशा वाचणे, प्रथमोपचार, पॉइंट टू-टू रायफलने निशाणा धरणे, असा अभ्यासक्रम. शिबिरात मुलींची राहण्याची सोय वेगळी असते आणि त्यांच्याबरोबर महिला शिक्षिका वा प्रशिक्षिका असतात. हे शाळेत जाऊन विचारून घ्या, त्या बाईंचे नाव विचारून घ्या, असे मी बाईंना सांगितले. आई-बापाने विचारले म्हणून कोणी रागावत नाही, आणि रागावले तर तीही एक माहितीच झाली.

इतके सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, "ते कळलं. पण तुम्ही केलं होतं का?"

केले होते. १९७३-७४ साली. मी नववीत होतो. गणवेश खाकी. माझी आई भाताच्या पेजेची खळ करून त्याला द्यायची आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री फिरवायची. पट्ट्याचे पितळी बक्कल ब्रासोने घासून घासून त्यात तोंड दिसेपर्यंत चकचकीत करायचे. बूट एका मोठ्या मुलाचे जुने, पुढे कापसाचे बोळे घालून बसवलेले. परेडच्या आदल्या रात्री झोप लागायची नाही.

पहिल्या दिवशी हवालदाराने मैदानावर आम्हाला उभे केले आणि ओरडला, "लंबा दाहिने, छोटा बायें, एक लाइन में कदवार खडे हो!" उंच मुले उजवीकडे, बुटकी डावीकडे, उंचीप्रमाणे एक रांग. झाले. कोणाचा बाप काय करतो, कोणाचे घर गावात आणि कोणाचे गावाबाहेर, कोण पुढच्या बाकावरचा आणि कोण दाराजवळचा, त्या रांगेला काही देणेघेणे नव्हते. माझ्या उजवीकडे आमच्याच गावच्या मोठ्या वाड्यातला मुलगा आला. त्याच्या अंगणात मी तोवर कधी पाऊल टाकले नव्हते. 'दाहिने सज' म्हटले की हात लांबवून शेजाऱ्याच्या खांद्याला मूठ लावायची असते. मी हात लांबवला. तो किंचित दचकला. पण खांदा मागे घेतला तर रांग मोडते, आणि रांग मोडली तर अख्ख्या तुकडीला मैदानाला चक्कर. त्याने खांदा ठेवला.

पुढे शिबिराला गेलो. तंबूत राहायचे, पत्र्याच्या ट्रंका, ॲल्युमिनियमची ताटे. पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या वेळी तोच मुलगा आणि आणखी तिघे आपापली ताटे घेऊन दूर जाऊन बसले. आम्ही दोघे एका बाजूला. कोणी काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती. हवालदार दक्षिणेकडचा होता, हिंदी मोडकी. त्याला आमच्या तालुक्याचे राजकारण काय ठाऊक! त्याला एवढेच दिसले की तुकडी विस्कटून बसली आहे. तो म्हणाला, "खाना भी कदवार." आणि दहा दिवस आम्ही उंचीप्रमाणे जेवलो. शेजारी शेजारी. भाजी कमी पडली तर एकाच्या ताटातली दुसऱ्याच्या ताटात जाऊ लागली.

माझ्या वयाच्या चौदाव्या वर्षी हे मला एखाद्या ग्रंथाहून जास्त शिकवून गेले. जी गोष्ट एका हवालदाराच्या तीन शब्दांनी दहा दिवस थांबते, ती देवाने केलेली नव्हे, हे मला तिथे कळले.

आता पुढचेही सांगितले पाहिजे, नाहीतर ही गोष्ट अर्धी राहील. शिबीर संपले, एसटी स्टँडवर आलो. गावची गाडी लागली. तो मुलगा माझ्या अंगावरून, ओळखदेख नसल्यासारखा, पुढे चढून खिडकीशी जाऊन बसला. मी मागे उभा राहिलो. मैदानावरची रांग फाटकाच्या बाहेर आली नव्हती.

हे मी बाईंना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग काय उपयोग?"

हाच प्रश्न आपल्या समाजापुढे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उभा होता, आणि आपल्या बापजाद्यांनी त्याला दिलेले उत्तर विसरण्यासारखे नाही. ब्रिटिशांच्या पलटणीत महार सैनिक होते. पलटणीत शाळा होत्या, तिथे शिपायांच्या मुलांना अक्षर मिळाले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे तर लष्करी शाळेतले शिक्षक. गावात ज्यांना शाळेच्या ओट्यावर बसू देत नव्हते, त्यांच्या घरात पलटणीमुळे पुस्तक आले. पण १८९० नंतरच्या काही वर्षांत सरकारने महारांची भरती बंद केली. तेव्हा अर्ज कोणी लिहिला? महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतूनच निवृत्त झालेले. भरती पुन्हा सुरू करा म्हणून त्यांनी १८९४ साली अर्ज केला. १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा विनंतीअर्ज केला. कवायत शिकलेला माणूस दौत-टाक घेऊन बसला, हे लक्षात घ्या. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली, गरज सरताच १९२१ साली मोडली. १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार मंडळावर गेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. ती आजही आहे. तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. आता तिच्यात देशातल्या सगळ्या जाती-धर्मांचे जवान भरती होतात. १९८७ साली श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते मेजर रामस्वामी परमेश्वरन हे याच रेजिमेंटचे.

पण माझ्या मते शिस्तीचा खरा कस पलटणीत लागला नाही, तो महाडला लागला. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या आपल्या माणसांवर जमाव लाठ्या घेऊन धावून आला. बाया-बापड्यांची डोकी फुटली. परिषदेला आलेल्यांत महायुद्ध लढून आलेले पेन्शनर होते. बंदूक चालवलेले, माणूस कसा पाडायचा हे शिकलेले हात. ते बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. शांत राहा म्हणाले. आणि ती माणसे शांत राहिली. मार खाऊन गप्प बसणे आपल्या लोकांना नवे नव्हते, ते हजार वर्षे चालले होते. परतून मारायची ताकद असताना हात आवरणे मात्र नवे होते. पुढे त्याच काळात समता सैनिक दल उभे राहिले ते याच शिस्तीवर. लेझीम-लाठी हे त्याचे बाहेरचे रूप. सभेत गोंधळ होऊ न देणे, परगावच्या माणसाला वाट दाखवणे, आयाबहिणींना सुखरूप घरी पोचवणे, हे आतले काम. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक जमले. त्यांची व्यवस्था राखायला दलाचे सैनिक रात्रंदिवस उभे होते.

म्हणून मी बाईंना म्हटले, मैदानावर पोरगी रांगेत उभी राहायला शिकेल. ती रांग फाटकाबाहेर कशी आणायची, ते घरी आणि विहारात शिकवायचे. दोन्ही हवे. नुसती कवायत शिकलेला माणूस कोणाचाही हुकूम ऐकतो. जर्मनीत हिटलरने दहा वर्षांच्या पोरांपासून गणवेश चढवले होते. १९३६ सालच्या कायद्याने तर तिथली सगळी मुले त्या संघटनेत ओढली. शिस्तीला तिथे काय कमी होती? शेजारच्या ज्यू मुलाला घराबाहेर काढताना त्या शिस्तीने कोणाचा हात धरला नाही. पंचशील आपण स्वतः म्हणतो, स्वतः घेतो, कोणी हवालदार मागे उभा नसतो. हा फरक मुलाला लहानपणीच कळला पाहिजे.

आता थोडे सावधपणाचे. हल्ली उन्हाळ्याच्या सुट्टीत 'सैनिकी संस्कार', 'कमांडो ट्रेनिंग' अशा नावाने खासगी शिबिरांच्या जाहिराती येतात. आठवड्याला हजारो रुपये. चिखलात लोळवतात, दोरीला लटकवतात, फोटो काढून देतात. पैसेवाल्यांनी खुशाल पाठवावे. कर्ज काढून पाठवण्यासारखे त्यात काही नाही. भरतीची हमी देणाऱ्या ॲकॅडम्यांचेही तेच. भरतीची हमी कोणालाच देता येत नाही, आणि जो देतो त्याच्या दारातून परत फिरावे.

दुसरे, शिस्तीच्या नावाखाली मारहाण. २०२३ साली ठाण्याच्या एका महाविद्यालयातली चित्रफीत सगळ्यांनी पाहिली असेल. भर पावसात कॅडेट मुले डोके जमिनीला टेकवून ओणवी आणि एक मोठा विद्यार्थी मागून काठीने मारतो आहे. ती शिस्त नव्हे. मैदानाला चक्कर मारायला लावणे ही शिक्षा आम्हीही भोगली, तिने पाय मजबूत झाले. अंगावर वळ घेऊन मूल घरी आले तर दुसऱ्या दिवशी कामाला खाडा करून शाळेत जा. एकटे जाऊ नका, वस्तीतली चार माणसे घेऊन जा. आडनाव ऐकून कोणी वेगळी वागणूक दिली तरी तसेच.

तिसरे नोकरीचे. नवऱ्याचा प्रश्न रास्त होता, त्याला टाळून चालणार नाही. पूर्वी 'पोरगा मिलिटरीत लागला' म्हणजे पेन्शनीपर्यंतची चिंता मिटली, असे घर धरून चालायचे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. योजना जाहीर झाली तेव्हाच्या नियमाप्रमाणे शिपायाची भरती चार वर्षांसाठी, त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होणार. बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपये हातावर, त्यातला अर्धा वाटा जवानाच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही. हे समजून मग मुलाला पाठवा. आंधळेपणाने नको. एनसीसी प्रमाणपत्राचे भरतीत वाढीव गुण मिळतात. पण खरा दरवाजा त्याच्या वर आहे आणि तो आपल्या वस्त्यांत फार थोड्यांना ठाऊक आहे. 'सी' प्रमाणपत्रात किमान 'बी' श्रेणी आणि पदवीला पन्नास टक्के गुण असले, तर एनसीसीच्या खास प्रवेशातून लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळाच्या मुलाखतीला बोलावतात. त्यातून निवड झालेला शिपाई होत नाही, अधिकारी होतो. मुलींनाही हा मार्ग खुला आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, खडकवासल्याला, २०२२ पासून मुली शिकू लागल्या. साताऱ्याच्या सैनिकी शाळेत, जी १९६१ सालापासून आहे, अनुसूचित जातींसाठी पंधरा टक्के जागा राखीव असतात. सहावीला आणि नववीला प्रवेश परीक्षा असते. आपल्यातले किती पालक पाचवीतल्या मुलाचा तो अर्ज भरतात? मी माझ्या नोकरीत हाताच्या बोटावर मोजण्याइतके पाहिले, आणि यात माझाही दोष आहे. मी तरी किती घरांत जाऊन सांगितले?

ज्या शाळेत एनसीसी नाही तिथे स्काउट-गाइड असेल, आरएसपी असेल. तेही नसेल तर जवळची समता सैनिक दलाची शाखा शोधा.

बाईंनी त्या रात्री सही केली नाही. कागद पदरात बांधून घेऊन गेल्या. दोन दिवसांनी मुलगीच आली, दात काढत. "आईनं केली सही. बाबांनीपण केली." धाकट्याचा प्रश्न शेजारच्या म्हातारीने सोडवला. परेडच्या दिवशी ती त्याला घेऊन बसते आणि त्याबदली मुलगी तिचे नळावरचे दोन हंडे भरून देते. हा करार त्यांचा त्यांनी केला, आम्हा मोठ्यांना सुचला नव्हता.

पहिल्या शिबिराला जाताना आई स्टँडवर रडली. परत आली ती उन्हाने काळवंडून, आवाज बसलेला. घरात शिरल्या शिरल्या तिने अंथरुणाची घडी चौकोनी करून दाखवली. बापाने ती मोडून पुन्हा घालायला लावली आणि स्वतः शिकून घेतली. मी हळूच विचारले, "जेवायला कशा बसायचात गं?" तिला प्रश्न कळलाच नाही. म्हणाली, "रांगेत. कशा म्हणजे?"

गेल्या ६ डिसेंबरला ती वस्तीतल्या दलाच्या पोरांबरोबर दादरला चैत्यभूमीच्या रांगेवर कामाला गेली होती. पहाटे चारची वेळ, रांग शिवाजी पार्काला वळसा घालून गेलेली. विदर्भातून दोन रात्री रेल्वेत काढून आलेल्या म्हाताऱ्या, डोक्यावर बोचकी. मी रांगेत होतो, तिने मला पाहिले नाही. एक आजी दमून दुभाजकावर बसली होती आणि तिची जागा मागच्यांनी घेतली होती. ही पोरगी पुढे आली. आजीला उठवले, बोचके आपल्या काखेत घेतले आणि मागच्या दोन दांडग्या गड्यांना म्हणाली, "दादा, एक पाऊल मागं. आजीची जागा आहे ती." आवाज चढवला नव्हता. ते दोघे एकमेकांकडे बघत मागे सरकले.